भूक नसलेला उपवास

फादर सिल्वेस्त्रु पोटाचं ऑपरेशन करून आले तेव्हा गावात दोन बातम्या फिरत होत्या. एक, त्यांना कॅन्सर झालाय. दुसरी, पन्नाशी उलटल्यावर त्यांना बारीक होऊन मिरवायची हौस आलीय. दोन्ही खोट्या. खरं काय ते आम्हा तिघांनाच माहीत होतं: फादरना, त्यांच्या बायकोला अग्लायाबाईंना (आमच्या ऑर्थोडॉक्स पंथात पाद्री लग्न करतात) आणि मला. मी इलारिए. बावीस वर्षं त्यांच्या चर्चमध्ये स्तोत्रं गातोय. वेदीच्या इतकं जवळ उभं राहिलं की माणसाचा श्वाससुद्धा लपत नाही.

त्यांचा श्वास तर दारापर्यंत ऐकू यायचा. वजन एकशे एकसष्ट किलो. आमच्या गावात पाद्री बारीक राहणं अवघडच. बाप्तिस्मा असो, घराला आशीर्वाद द्यायचा असो, कुणी मेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण असो, पहिली थाळी फादरची. नको म्हटलं की घरची बाई रुसलीच. त्यात फादरना खाणं मनापासून आवडायचं, हेही खरं. मग साखर आली, रक्तदाब आला, झोपताना नाकावर लावायचं मशीन आलं.

आणि मग ऑपरेशनच्या आधीच्या हिवाळ्यात, एका दफनाच्या वेळी, ते कबरीपाशी गुडघ्यावर बसले ते उठेचनात. शवपेटी तशीच दोरांवर ठेवून चार जणांनी आधी फादरना उचललं. कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं ते मला नंतर म्हणाले.

सप्टेंबरात क्रायोव्याला, शहरातल्या मोठ्या इस्पितळात, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की जठराचा मोठा भाग कापून काढायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. "कापलेलं परत बसवता येत नाही, फादर, नीट विचार करा." फादरनी विचार केला होता. पण विचार करून कळण्यासारखं ते नव्हतंच.

पहिले दोन आठवडे नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, चमच्या-चमच्यानं. मी भेटायला गेलो तर ते खिडकीशी लहान चमचा हातात धरून बसलेले.

"इलारिए, मला सांग, पोट भरलं की कसं वाटतं?"

"म्हणजे? भरल्यासारखं वाटतं."

"मला तिसऱ्या चमच्याला उचकी लागते. चौथ्याला घाम फुटतो. पाचव्याला रडू येतं. यातलं भरल्यासारखं कुठलं?"

अग्लायाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तिसऱ्यालाच थांबा, असं डॉक्टरांनी सांगितलंय! यांना पाचवा हवाच कशाला?"

"हवाय असं कुठं म्हणालो मी? नकोच आहे. तेच तर कळत नाही."

भूक गेली होती. कमी झाली असं नव्हे, साफ गेली. डॉक्टर म्हणाले, भूक लावणारा रस जिथे तयार होतो तोच भाग काढलाय, त्यामुळे असं होतं. फादर घड्याळ लावून खायचे. घड्याळ वाजलं की दोन चमचे दही, वाजलं की अर्धं उकडलेलं अंडं. खाताना पाणी प्यायचं नाही, पाणी पिताना खायचं नाही. आवडती कॉफी आता त्यांना गंजलेल्या खिळ्यासारखी लागायची. वजन मात्र धबाधबा उतरत होतं. अग्लायाबाईंनी तीन महिन्यांत तीनदा झगा आत घेतला.

जानेवारीत केस गळायला लागले. दाढीसुद्धा विरळ झाली, आणि आमच्याकडे पाद्रीची दाढी म्हणजे अर्धा पाद्री. ते आरशासमोर कंगवा घेऊन उभे राहायचे आणि कंगव्यातले केस बशीत ठेवायचे. "येतील परत," डॉक्टर फोनवर म्हणाले. "प्रथिनं खा." सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर, प्रथिनं खा.

मग ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास आला. सात आठवडे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. आजाऱ्याला सूट असते आणि फादरना ती रीतसर मिळाली होती. पण पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेनंतर त्यांनी मला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. पुढ्यात अंड्याचा डबा होता.

"बाहेर लोक भुकेनं कळवळून उपवास करतायत," ते म्हणाले. "मी आत बसून अंडं खातोय. आणि मला भूकच नाही. ते भुकेले असून खात नाहीत, मी भुकेला नसून खातो. मग उपवास कोण करतंय?"

"तुम्ही आजारी आहात, फादर."

"माझी साखर ठीक आहे, मशीनशिवाय झोपतो, जिना चढतो. आजारी कसा?"

"मग बरे आहात."

"बरा आहे तर अंडं का खातोय?"

मी डबा त्यांच्याकडे सरकवला. मी साधा गाणारा माणूस. त्यांनी ते अंडं चावून-चावून खाल्लं, वीस मिनिटं लागली. नंतर जमिनीला कपाळ टेकवून प्रार्थना करायला लागले तर आंबट पाणी घशाशी आलं. पूर्वी वजनामुळे वाकता येत नव्हतं, आता वाकता येत होतं तर घसा जळत होता. ते उठून बसले आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी केलंय.

त्याच शनिवारी ती गोष्ट घडली. मृतांच्या स्मरणाचा शनिवार. शाळेतली पन्नास-साठ मुलं ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे वाईनमध्ये भिजवलेली भाकर घ्यायला, येणार म्हणून फादरनी प्याल्यात वाईन अंदाजानं जास्त घेतली होती. शाळेत फ्लूची साथ आली, मुलं आलीच नाहीत. मोठी माणसंही नऊच. प्याल्यात उरलेलं पाद्रीनंच संपवायचं असतं. ते पवित्र, म्हणून ओतून देता येत नाही आणि उद्यासाठी ठेवता येत नाही. पूर्वी फादरना त्याचं काही वाटत नसे. त्या दिवशी ते पडद्यामागे बराच वेळ होते.

बाहेर आले तेव्हा गाल लाल, कपाळावर घाम. मृतांची नावं वाचायची होती. आमच्याकडे लोक चिठ्ठीच्या एका बाजूला जिवंत माणसांची नावं लिहून देतात, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची. फादरनी चिठ्ठ्या घेतल्या आणि खणखणीत आवाजात जिवंतांची बाजू वाचायला सुरुवात केली.

"हे प्रभो, तुझा सेवक कोस्ताके याच्या आत्म्याला चिरशांती दे..." कोस्ताके खांबापाशी टोपी हातात धरून उभा होता. "...तुझी दासी वेता हिच्या आत्म्याला..."

"अहो फादर!" वेता आजी काठी आपटून ओरडल्या. "मी आहे अजून! इतकी घाई कसली?"

हसू फुटलं, पण अर्ध्यातच विझलं, कारण फादर हळूहळू खाली बसले होते. थेट फरशीवर. चिठ्ठीकडे बघत म्हणाले, "कुठली बाजू कुठली?" आणि परत, "इलारिए, कुठली बाजू?"

मी आणि कोस्ताकेनं त्यांना बाकावर आडवं केलं. मागून कुणीतरी म्हणालंच, "प्यायलेत."

कशानं झालं ते धडपणे कुणालाच सांगता आलं नाही. ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, आता वाईन भराभर रक्तात जाते, दोन घोट पुष्कळ. साखरेचे डॉक्टर म्हणाले, वजन उतरूनही जुनीच गोळी चालू होती, साखर खाली गेली असणार. गावचा डॉक्टर म्हणाला, रक्तदाबाच्या गोळीचंही तेच. तिघांनी आपापले सल्ले आणि गोळ्या बदलल्या. फादर म्हणाले, "तिघंही खरं बोलतायत असं दिसतं. मग मला कशाची भीती बाळगायची?"

रविवारी त्यांनी प्रवचनाऐवजी सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, नळी, अंडी, वाईन. लाज वाटत होती म्हणून लपवलं, तेही.  मग वेता आजी म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं खाऊ घातलेले कोबीचे रोल डॉक्टरांनी कापून बादलीत टाकले?"

"रोल नव्हेत, आजी. पोट."

"पोट कुणी भरलं होतं पण?" त्या फणकाऱ्यानं बसल्या. दोन रविवार त्यांनी आशीर्वाद घेताना फादरचा हात चुंबला नाही. तिसऱ्या रविवारी भोपळ्याचं पातळ सूप बरणीत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गाळलंय. दोनदा." बाकी कुणी कीव केली, कुणी पाठीमागे हसलं. कोस्ताकेच्या बायकोनं तर अग्लायाबाईंना कोपऱ्यात घेऊन डॉक्टरांचा नंबर मागितला.

त्यानंतर प्याल्यात वाईन मोजकी असते. मोठ्या सणाला शेजारच्या गावचा डीकन, म्हणजे दुय्यम पाद्री, उरलेली वाईन संपवायला येतो. केस परत आले, दाढीही आली, जरा पांढरी. वजन शंभरच्या आत एकदाच गेलं, तेही दोन दिवस. जळजळ गेली नाही. उशाला गोळ्या असतात. पोटाची कातडी लोंबते. झग्यात ती दिसत नाही, पण अग्लायाबाई म्हणतात, ते अंघोळीला जास्त वेळ लावतात.

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं चर्चच्या कुंपणाला चुना देत होतो. फादर एकदम थांबले, बरगडीखाली हात धरला.

"जळजळतंय?" मी विचारलं.

"नाही. आतून ओढल्यासारखं होतंय."

त्यांनी जळजळीची गोळी चघळली. आम्ही वाट पाहिली. काही फरक पडला नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"इलारिए, ही भूक तर नाही?"

"मला काय विचारता, फादर? पोट तुमचं."

त्यांनी तिथूनच क्रायोव्याला फोन लावला. "काहींना परत लागते," डॉक्टर म्हणाले. "जपून राहा." चांगली बातमी की वाईट, ते त्यांनी सांगितलं नाही. फादरनी विचारलंही नाही.

अग्लायाबाई उकडलेला बटाटा घेऊन आल्या. बुधवार होता, आमच्याकडे दर आठवड्याचा उपवासाचा दिवस; बटाटा मात्र चालतो. फादर बटाटा हातात धरून बसून राहिले.

"खा की!" बाई म्हणाल्या. "दोन वर्षं खा-खा म्हणून मागे लागलेय, आता भूक लागली तर बघत काय बसलात?"

"खाल्लं तर वजन वाढेल. नाही खाल्लं तर डॉक्टर ओरडतील. आणि आज बुधवार, थोडी भूक सोसायची हेच तर..." ते थांबले. "सोसू का? की हे पोटाचं नाटक आहे?"

अर्धा बटाटा त्यांनी खाल्ला. उरलेला अर्धा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. नंतर ब्रश चुन्यात बुडवून परत कामाला लागले. दर चार फळ्यांनंतर थांबून ते पोटावर हात ठेवत होते, आणि मी दुसरीकडे बघत होतो.