आधी शून्य बघायचं

१६ जून, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मोशीतल्या आमच्या प्राथमिक शाळेच्या फाटकाशी उभा राहून मी मुलीच्या वह्यांवरची नावं तपासत होतो. चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी संपवून थेट आलो होतो. 'ईश्वरी' पाचही वह्यांवर बरोबर होतं, तरी पुन्हा पाहत होतो. तेवढ्यात तिसरीचे वर्गशिक्षक बोराटे सर आले.

"काय गं, ह्या फाटकाची सावली दुपारी कुठं जाईल?" त्यांनी विचारलं.

ईश्वरीनं माझं बोट सोडलं आणि सावली बघायला सरांच्या मागे गेली. मागे वळून पाहिलं नाही. सरांचा आणि माझा परिचय असा झाला.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात अनेक जण त्यांच्या कार्याबद्दल लिहितील. माझं शिक्षण दहावीला गणितात अडकलं, ते तिथंच थांबलं. त्यामुळे मला ठाऊक आहे तेवढंच लिहितो, आणि खरं लिहायचं तर आधी हेवा लिहावा लागेल. त्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येक वाक्य 'सर म्हणतात'नं सुरू व्हायचं. मी एखाद्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तर ईश्वरी शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "उद्या सरांना विचारते." माझी मंडळी लातूरकडची. ती हसायची. "अवो, मास्तरांवर कामून जळायलाव?"

मी जळत होतो. सर चौथीलाही तोच वर्ग घेऊन पुढे गेले, तेव्हा जास्तच.

सर दरवर्षी वर्गात विज्ञान सप्ताह घेत. रोज एक पाहुणा, तोही मुलांच्या घरच्यांपैकीच. शाल नाही, नारळ नाही. पाहुण्यांनी आपल्या कामाचं हत्यार घेऊन यायचं, सतरंजीवर बसायचं आणि मुलं विचारतील ते दाखवायचं. सर मागच्या भिंतीला टेकून बसत. ईश्वरी चौथीत असताना सर स्वतः आमच्या घरी आले. वर्गात शुद्ध बोलणारे सर वर्गाबाहेर मोशीचंच बोलत.

"तुमी मापाची माणसं. पोरांना माप दाखवा."

"सर, मी दहावी नापास आहे."

"पोरं चौथीत हायत. तुमी पुढंच हाय की त्यांच्या."

कंपनीत मी तयार माल तपासतो. साहेबांची लेखी परवानगी काढून मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं हत्यार, घरी आणला आणि ईश्वरीसमोर तीन वेळा सराव केला. सोमवारी एक नर्सताई येऊन गेल्या, मंगळवारी बोअरवेलचे मेकॅनिक, बुधवारी एक बियाणं तपासणारे आजोबा. तिघांचं कौतुक मला घरी ऐकावं लागलं. गुरुवारी माझी पाळी होती.

एका मुलानं विचारलं, "काका, केस मोजता येतो का?"

"मला माहीत नाही," सर मागून म्हणाले. "मोजूया." त्यांनी स्वतःचा एक पांढरा केस उपटून दिला. "जपून वापरा. शिल्लक कमी आहे."

मुलं हसली. मी माप घेतलं: एका मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर त्यातले नऊ. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हा ईश्वरीनं हात वर केला.

"बाबा, तुम्ही आधी शून्य नाही पाहिलं."

कंपनीत ही चूक झाली असती, तर सकाळपासून तपासलेला सगळा माल परत मोजावा लागला असता.

"शून्य कशाला पाहायचं?" सरांनी विचारलं. "असं कोण म्हणतं?"

"बाबा म्हणतात. काहीही न धरता बंद केला की शून्य दिसलं पाहिजे. नाहीतर पुढची सगळी मापं खोटी."

मी रिकामा मायक्रोमीटर बंद करून पाहिला. शून्य नव्हतं, दोन होते. आत खडूची धूळ बसली होती. पुसून पुन्हा मोजलं, तर सात आले. मुलं नऊ खोडायला लागली. सर म्हणाले, "खोडू नका. एक रेघ मारा, खालचं दिसू दे, शेजारी सात लिहा." आमच्या कंपनीतही चूक अशीच दुरुस्त करतात. ते सरांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही.

निघताना मी फाटकाशी विचारलं, "सर, धूळ तुम्हाला दिसली नव्हती का?"

"दिसली की. तुमी त्यो फळ्याखाली ठिवला तवाच."

"मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं, तर घरी जाऊन पोरगी काय म्हनली असती?"

दोन वर्षं मी जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते या माणसानं न विचारता ओळखलं होतं.

सर आता निवृत्त आहेत. ईश्वरी सहावीत आहे आणि रविवारी प्रश्न घेऊन अजूनही त्यांच्याचकडे जाते. मात्र महिन्यातून एकदोनदा ती 'बाबा म्हणतात' असंही म्हणते, आणि मी ते दुसऱ्या खोलीतूनही ऐकतो. माझा हेवा नवावरून सातावर आला आहे. तो शून्यावर यायला पुष्कळ वर्षं लागतील. तेवढी सगळी वर्षं सरांना ठणठणीत तब्येतीनं लाभोत, आणि त्यानंतरचीही.