जास्तीचा मणी

कुसाबाई नेमकी कोणत्या पाड्यावरची, तिला मुलं किती, हे चिमाजींना आजही सांगता यायचं नाही. दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ती कात्रीने घडातले खराब मणी काढायची, घड डब्यात भरायची आणि डबा पुढे सरकवायची. चिमाजी तो काट्यावर ठेवायचे. "मामा, वजन?" "बरोबर." एवढंच बोलणं, आणि त्यावर कितीतरी हंगाम निघाले.

तिचं हसणं मात्र त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. शेजारी शकुबाई असली की दोघींचं हसू वरच्या पत्र्यावर जाऊन आदळायचं. म्हणूनच सुपरवायझर मनोजने एका हंगामात शकुबाईला पार टोकाच्या टेबलावर धाडलं. तेव्हापासून कुसाबाईचं हसणं बंद झालं. "शकू शेजारी नाय, तर मी पण इथं नाय," असं ती सगळ्यांना ऐकवायची. फक्त मनोजला सोडून.

अशात मालकांनी कामगारांचा ताण हलका करायला नाशिकहून मोहिनी मॅडमना बोलावलं. त्यांनी सगळ्यांना कागद आणि खडू वाटले.

"कामातला ताण काढा, आनंद काढा. चित्र चांगलं यायलाच हवं असं नाही."

चिमाजींनी आपला वजनकाटा काढला. तो उलट्या टोपीसारखा दिसायला लागला, म्हणून हाताने झाकून ठेवला.

कुसाबाईने घड काढला. मण्यामण्याला तोंड. एका देठाला दोन मणी, दात काढून हसणारे. सगळ्यांच्या वर एक टपोरा, मिशीवाला. मग तिने कागद उजेडाकडे धरला, मान तिरकी केली, आणि हाताच्या सवयीने अ‍ॅप्रनमधली कात्री काढून मिशीवाला मणी कच्चकन उडवला.

तो नेमका मनोजच्या बुटाशी पडला. तशी मिशी शेडमध्ये एकाच माणसाला होती.

"हे कोण?" मनोजने विचारलं.

"मणी हाय, साहेब."

"खराब निघाला वाटतं?"

कुसाबाईने कात्री पटकन अ‍ॅप्रनमध्ये सरकवली. आता हिचं काम सुटणार, पिशवी गावाला जाणार, हे चिमाजींना दिसलं. चारचौघांत ते कधी बोलले नव्हते. आवाज आला तोही दुसऱ्याचाच वाटला.

"खराब नव्हता, साहेब. डब्याचं वजन जास्त भरत होतं."

वजन जास्त झालं की चांगला मणीही काढावा लागतो, हे तिथं कोणाला सांगायला नको. मनोजने नकळत आपल्या पोटाकडे पाहिलं. टोकाच्या टेबलावरून शकुबाई हसत सुटली, मग सगळी शेड, मग मॅडम, आणि शेवटी मनोजही.

"बरं, मला परत घडात घ्यायचं काय घेशील?"

"शकूला इकडं बसवा. आत्ताच्या आत्ता चिकटवते."

"आणि हसणं?"

"कमी करू," कुसाबाई म्हणाली. "थोडंसं."

शकुबाई परत आली. चित्र भिंतीवर लागलं. परत चिकटवलेल्या मिशीवाल्या मण्याच्या कपाळावर डब्याचा स्टिकर, 'निर्यातीसाठी'. हसणं काही कमी झालं नाही.

पुढच्या हंगामाला दोघीही आल्या नाहीत. सुरगाण्याकडे मिळून स्ट्रॉबेरी लावली म्हणे. आदल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी कुसाबाईशी दोन शब्द बरे बोलावेत, असं चिमाजींच्या मनात होतं. ते शब्द जुळवेपर्यंत डबा पुढे आला.

"मामा, वजन?"

"बरोबर."