स्कोग्लंडकडे भाव विचारत नाहीत

मुलगा हल्ली घरातसुद्धा हळू आवाजात बोलतो, ही गोष्ट आर्लिसच्या मनातून काही केल्या जाईना.

पूर्वी केंट बोलायला लागला की अंगणापलीकडे ऐकू जायचं. ट्रॅक्टर विकणाऱ्याचा आवाज तो. डाकोटाच्या वाऱ्याला पुरून उरून गिऱ्हाइकापर्यंत पोचायची त्याला सवय. आता "आई, जरा बटाटे दे" म्हणाला तरी वाटायचं, बटाटेच वारले की काय. आर्लिसने एकदा तसं तोंडावर सांगितलंही. केंट हसला, पण तेही हळूच.

तिचा मुलगा वाईट नव्हता. गावात कुणालाही विचारा. ट्रॅक्टरच्या दुकानात होता तेव्हा आलेल्या माणसाला तो स्वतःच परत पाठवायचा, "जुना अजून दोन हंगाम ओढेल, कशाला घेता?" मालक डोक्याला हात लावायचा, पण लोक मात्र केंट न्यूगार्ड सांगेल ती पूर्व दिशा मानायला लागले. दुकान बुडालं ते केंटमुळे नव्हे, त्या वर्षांत तशी सगळीच बुडाली. तेव्हा म्हातारा स्कोग्लंड आपण होऊन घरी आला, कॉफी प्याला आणि म्हणाला, "आर्लिस, हा पोरगा मला दे. याच्यासमोर रडायला लोकांना लाज वाटणार नाही."

गावातल्या लुथरन पंथाच्या माणसाचं मेल्यानंतरचं सगळं, म्हणजे आंघोळ, कपडे, पेटी, गाडी, खड्डा, स्कोग्लंडकडे असायचं. कॅथलिकांचं रुळापलीकडच्या दुसऱ्या घराण्याकडे. दोन्हीकडे चौकशी करून बघावी असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. आणि भाव? भाव विचारणं म्हणजे मेलेल्या माणसावरची माया किती ते चारचौघांत मोजून दाखवणं. म्हाताऱ्या स्कोग्लंडने कधी अर्धं डुक्कर घेऊन बिल फाडून टाकलं होतं, कधी नुसतं "बघू सुगीनंतर" म्हणून सोडलं होतं. त्यामुळे न विचारणंच तिथे चालून जायचं.

केंट वर्षभर मिनियापोलिसला जाऊन ते काम रीतसर शिकून आला. पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले, त्याने धंदा विकला आणि तो अॅरिझोनाच्या उन्हात जाऊन बसला. घेणारी कंपनी कुठल्याशा लांबच्या शहरातली. तिने दारावरची पाटी तीच ठेवली, काळी गाडी तीच ठेवली आणि केंटलाही ठेवलं. गावातल्या निम्म्या लोकांना अजून वाटायचं, स्कोग्लंड हिवाळ्यापुरता गेलाय.

"पाटीबरोबर तूही विकला गेलास," आर्लिस तेव्हा गमतीने म्हणाली होती.

गेल्या वसंतात कंपनीने केंटला चार दिवस फ्लोरिडाला पाठवलं. विभागात पहिला आला म्हणून. आर्लिसने सगळ्यांना कौतुकाने सांगितलं खरं, पण भांडी घासता घासता तिचा हात थांबला. माणसं मरायची तेवढीच मरतात. एखाद्याने कितीही मन लावून काम केलं म्हणून गावात जास्त माणसं मरत नाहीत. मग हा पहिला आला तो कशात?

तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. ऑक्टोबरात टिल्मन हाउगेन वारला.

टिल्मनची बायको बोर्घिल्ड आर्लिसची जुनी मैत्रीण. दोन दिवसांनी सकाळी आर्लिस भाजलेल्या खिमा-बटाट्याचं पातेलं घेऊन तिच्याकडे गेली, तर टेबलावर तशीच पाच पातेली आधीच येऊन बसली होती. बोर्घिल्ड स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती.

"बस. कोट काढू नकोस, घर तापवणारी तळघरातली भट्टी पुन्हा बंद पडलीय. टिल्मन लाथ घालून चालू करायचा. आता लाथ घालणाराच गेला."

"नवी घेणार होतात ना तुम्ही, बर्फ पडायच्या आत?"

"घेणार होतो. आता पुढच्या वर्षी बघू. यंदा इथेच झोपेन, ओव्हनचं दार उघडं टाकून."

"बोर्घिल्ड, तू काय मांजर आहेस? वजा तीस अंशांत ओव्हनपुढे झोपणार? भट्टीचे पैसे तर बाजूला ठेवले होतेस."

"ते टिल्मनला लागतायत." तिने कॉफी ओतली. "तीन वाजता स्कोग्लंडकडे सही करायला जायचंय. पेटी निवडली मी. निळसर आहे, सुरेख. कडेने रबराची पट्टी असते तिला, झाकण गच्च बसतं. आत थेंबभर पाणी शिरत नाही, माणूस आहे तसा राहतो. टिल्मनला ओल कधी सोसली नाही गं, मोजे ओले झाले तरी दिवसभर कुरकुर करायचा."

"आहे तसा राहतो, असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तुझा केंट. काय हळुवार बोलतो गं! मी मनात म्हटलं, मुलगा घडवावा तर आर्लिसनेच."

आर्लिसने कप खाली ठेवला. "साधी पेटी नव्हती का दुसरी?"

"होती एक. खाली, जिन्यामागे. रंग असा, की जणू गुरांचं औषध सांडलंय. केंट म्हणाला, 'मिसेस हाउगेन, हीपण आहे, पण तुम्हाला दाखवायचं माझ्या जिवावर येतं.' मग मलाच लाज वाटली."

"आणि भावांचा कागद? आधी हातात दिला असेल ना?"

"कागद कसला? शेवटी सगळं मिळून सांगितलं, सात हजार डॉलर आणि वर थोडे. असं काय बघतेस? स्कोग्लंडकडे कुणी भाव विचारतं का!"

घरी परतताना आर्लिस रबराच्या पट्टीचाच विचार करत होती. शाळेत तिने उभी हयात मुलींना गृहशास्त्र शिकवलं. बरणीच्या झाकणाला रबर असतं ते बाहेरचं आत येऊ नये म्हणून. पण आतलं नीट उकळलेलं नसेल तर तेच गच्च झाकण घात करतं, आतल्या आत सगळं सडतं, हे तिने फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. आणि केंट? तो तर चुलीपाशीच वाढला. बरण्यांची तोंडं फडक्याने पुसून द्यायचं काम त्याचंच असायचं. एका उन्हाळ्यात मक्याच्या बरण्या बिघडल्या, झाकणं टम्म फुगली, तेव्हा नाक दाबून त्या शेतामागे पुरून आला होता तोच. रात्री जेवलाही नव्हता.

म्हणजे गच्च बंद पेटीत काय होतं ते ठाऊक नसताना बोलला असेल, ही पळवाटही उरली नाही.

बाराला केंट जेवायला आला. काळा सूट, बूट चकचकीत. आर्लिसने सूप वाढलं आणि सरळच विचारलं.

"बोर्घिल्डला भावांचा कागद का दिला नाहीस?"

"मागितला असता तर दिला असता."

"मागायचा नसतो तो, केंट. माणूस दारात येऊन किमतीचं बोलायला लागला की आधी हातात ठेवायचा असतो. सरकारचा नियम आहे. मोठ्या मुलींना मी तो शिकवायचे. फोनवर विचारलं तरी भाव सांगावा लागतो."

"आई, नवरा जाऊन दोन दिवस झालेत त्यांना. तेव्हा माणसाला आकडे नको असतात."

"नको असतात म्हणून एकदम शेवटी सांगायचे? आणि सगळ्याचा मिळून एकच आकडा?"

केंटने पावाला लोणी लावायला घेतलं. "तुला वाटतं मी फसवतो लोकांना."

"मला काय वाटतं ते सोड. टिल्मन आहे तसा राहील, असं तू म्हणालास का?"

"त्यांना तेच ऐकायचं होतं."

"मी ते विचारलं नाही."

"ऐक आई." पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा जुन्यासारखा चढला. "माणूस गेला की दर वेळी घरच्यांनी किती खर्च केला ते वर कंपनीला कळवावं लागतं. सरासरी उतरली की ते स्कोग्लंडचं दार बंद करणार आणि आपली गेलेली माणसं फार्गो शहरात नेणार. तिथल्या पोरांना टिल्मन कोण, बोर्घिल्ड कोण, काही ठाऊक नसेल. निदान मी त्यांचा हात तरी धरतो."

"हात धरतोस ते खरंय," आर्लिस म्हणाली. "कुठे नेतोस ते मला बघायचंय."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "सूप छान होतं." पुन्हा तोच हळू आवाज.

आर्लिस भांडी तशीच ठेवून खुर्चीत बसली. राज्याच्या कचेरीत तक्रार केली तर? केंटचा परवाना जाईल. तिच्याच हाताने जाईल. रुळापलीकडे विचारावं, तर बोर्घिल्ड टिल्मनला स्वतः खांद्यावर वाहून नेईल, पण कॅथलिकांच्या गाडीत घालणार नाही. आणि गप्प बसावं, तर म्हातारी जानेवारीत ओव्हनपुढे झोपेल. चर्चमध्ये सगळ्याजणी म्हणतील, टिल्मनची पेटी काय सुरेख होती! आणि केंट पुन्हा पहिला येईल.

शिवाय आणखी एक होतं, ते तिला स्वतःशी कबूल करायलाही जड जात होतं. टेबलावर तो जे बोलला त्यातलं खरं किती आणि तिच्यासाठी नीट मांडून ठेवलेलं किती, हे तिला सांगता येत नव्हतं. गिऱ्हाइकाशीही तो असाच बोलत असणार. आईला वेगळा आवाज लावतो की नाही, तेच समजायला मार्ग नव्हता.

दोनच्या सुमाराला ती पुन्हा हाउगेनांच्या स्वयंपाकघरात होती.

"बोर्घिल्ड, निजायच्या खोलीतला फोन चालू आहे ना अजून?"

"आहे. का गं?"

"मी इथून स्कोग्लंडकडे लावते. तू आतला उचल आणि नुसतं ऐक. पूर्वी सगळ्या शिवाराला मिळून एकच लाइन होती, तेव्हा श्वास रोखून लोकांचं ऐकायचीस ना, तसं."

"मी? मी कधी कुणाचं ऐकलं?"

"मला दिवस गेलेत हे माझ्या नवऱ्याआधी तुला कळलं होतं. कसं गं?"

बोर्घिल्डने विषय बदलला. "पण विचारणार काय?"

"भाव. एकेक करून. त्या जिन्यामागच्या पेटीचाही. आणि रबराच्या पट्टीने नेमकं काय होतं तेही."

"अगं, केंटला काय वाटेल! आवाज ओळखेल तो तुझा."

"ओळखू दे. नाव सांगूनच विचारणार आहे. माणूस आहे तसा राहतो, असं त्याने मलाही सांगितलं, तर मग..." तिने वाक्य सोडून दिलं. "आणि खरं सांगितलं, तर तू तुझ्या कानांनी ऐकशील, आणि काय घ्यायचं ते तूच ठरवशील. निळी घेतलीस तरी मी चकार शब्द बोलणार नाही."

बोर्घिल्ड थोडा वेळ कोटाची गुंडी लावत-काढत राहिली. "गुरांच्या औषधाचा रंग तसा टिल्मनच्या ओळखीचाच होता म्हणा," ती पुटपुटली आणि भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली.

आर्लिसने भिंतीवरचा फोन उचलला. आतून खट्ट आवाज आला.

"मी आहे," बोर्घिल्ड कुजबुजली.

"बोलू नकोस," आर्लिस म्हणाली, आणि तिने नंबर फिरवायला घेतला.