सावधानची मूठ

मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटचं पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाळ चौकीवर होतं. आम्ही पाच जण होतो. फायबरची एक झोपडी, तिच्यात घासलेटवर चालणारी बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी लोखंडी शेगडी, एक रेडिओ सेट आणि बाहेर संतरीची जागा. दिवस सगळे सारखे. उजाडलं की बर्फ वितळवून पाणी करायचं, हत्यारं साफ करायची, ठरल्या वेळी रेडिओवर 'ऑल ओके' द्यायचं. लोकांना वाटतं तिथे रोज मर्दुमकी चालते. बहुतेक वेळ पाणी गरम करण्यातच जातो.

सैन्यात जवानांच्या जोड्या लावतात. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं, त्याला बडी म्हणतात. माझा बडी नायक राहुल इंगळे. आम्ही दोघंही इंदूरजवळच्या महूचे, एकाच बस्तीतले. राहुलचे वडील निवृत्त सुभेदार. रंगरुटांना ड्रिल शिकवण्यात त्यांची उमर गेली, म्हणून सगळी बस्ती त्यांना उस्ताद म्हणते. भरतीच्या आधी मैदानावर त्यांनीच आम्हाला घासून काढलं. पोटच्या पोराला आणि शेजारच्या पोराला त्यांनी शिव्या अगदी समान वाटून दिल्या.

त्या सकाळी साडेसहाला मी संतरी होतो. वारा सुटला होता, दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आधी ओरडणं ऐकू आलं, मग काळा धूर दिसला. बुखारीची नळी फुटली होती. फायबर पेटायला वेळ लावत नाही. आतले चौघंही खोकत बाहेर आले. राहुलही आला.

"सेट?" त्याने विचारलं.

सेट आतच राहिला होता. झोपडी गेल्यावर त्या थंडीत आम्ही पुढची रात्र काढू शकलो नसतो, आणि सेटशिवाय खाली कळवणं शक्य नव्हतं.

"आणतो," म्हणाला आणि गेला. मी त्याला अडवलं नाही. सेट आणायलाच हवा होता. मी दाराजवळ असतो तर मी गेलो असतो.

सेट दारातून बाहेर फेकला गेला. बर्फात पडला म्हणून शाबूत राहिला. राहुल आला नाही. वरची ताडपत्री पेटून दारात पडली होती. ती मी दोन्ही हातांनी ओढली. हातमोजे वरून नायलॉनचे होते, ते हातांच्या पाठीवर वितळून चिकटले. तेव्हा दुखलं नाही. बाकीच्यांनी मला मागे खेचलं. थोड्याच वेळात झोपडी खाली बसली.

सेटचं बटण मीच दाबलं.

"पोस्ट पर आग. शेल्टर खत्म. ओवर."

"कैजुअल्टी? ओवर."

"एक. नायक इंगळे. ओवर."

"हालत? ओवर."

मी पुन्हा बटण दाबलं. मग म्हणालो, "इंगळे नहीं रहा. ओवर."

अंधार पडायच्या आत खालून मदतीची पार्टी आली. शत्रू नव्हता, गोळी नव्हती. एक शेगडी होती.

डावा हात बऱ्यापैकी सुधारला. उजव्या हातावर कातडी लावली, पण हाताच्या पाठीवरचा व्रण लाकडासारखा कडक झाला आणि बोटं वाकेनात. निवृत्तीनंतर मी इंदूरला आलो. सियागंजात एका गोदामाच्या सुरक्षेचं काम बघतो. चमच्याने जेवतो, डाव्या हाताने सही करतो. रोजचं काही अडत नाही. वर्षातून एकदाच अडतं.

महूला विहारामागे राहुलच्या नावाचा दगड आहे. त्याच्या स्मृतिदिनाला बस्ती तिथे जमते. मौन धरण्याआधी उस्ताद स्वतः 'परेड, सावधान' देतात आणि रांगेतून एक चक्कर मारतात. वय झालंय, पण नजर तीच. एकदा एका पुढाऱ्याला म्हणाले, "नेताजी, एड़ी मिलाओ. शादी में नहीं आए हो." नेताजींनी मुकाट्याने टाचा जुळवल्या.

सावधानमध्ये मूठ बंद लागते. माझी उघडी, बोटं ताठ. उस्ताद माझ्यासमोर यायचे, हाताकडे बघायचे आणि पुढे जायचे. एक शब्द नाही. माझ्याशी बोलताना राहुलचं नावही घ्यायचे नाहीत. जय भीम, चहा, तब्येत, संपलं. बस्तीतले म्हणायचे, तुझी दया येते त्यांना. त्या दयेचा मला राग यायचा. मला त्यांची शिवी हवी होती, राहुल असताना मिळायची तशी. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तरी हातासाठी धावपळ तिनेच केली. एक दिवस म्हणाली, "अहो, स्नेहलतागंजात एक डॉक्टरनी आहे, जले हुए हाथ मशीनने ठीक करते म्हणे. एक बार दिखाने में क्या जाता है?"

डॉक्टर केतकी मूळच्या सांगलीकडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी यंत्र दाखवलं. पिस्तुलासारखं हँडल, टोकाला गोल धातू.

"याला शॉक वेव्ह म्हणतात, पण हा विजेचा झटका नाही. दाबाच्या लहरी आत जातात, कडक व्रण सैल व्हायला मदत होते. बोटं वाकवायची मेहनत मात्र तुमची. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, आधीच सांगते. या हाताने तुम्हाला काय करायचंय?"

"मूठ."

"जेवायला? बटणं लावायला?"

"सावधानसाठी."

त्या हसल्या नाहीत. "उभे राहून दाखवा," म्हणाल्या. मी उभा राहिलो. त्यांनी माझी बोटं हलकेच तळव्याकडे ढकलली आणि मधल्या फटीचं माप घेतलं. मध्ये एक लिंबू सहज बसलं असतं.

दर आठवड्याला जायचो. व्रणावर जेल लावायचं, मग यंत्र टक-टक-टक करत फिरायचं. ओळखीचे विचारतात, त्या आवाजाने गोळीबार आठवतो का? नाही. मला काहीच आठवत नसे, काही वाटतही नसे. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसे.

"दुखतंय का?" डॉक्टर विचारायच्या.

"ठीक आहे."

काही आठवडे असेच गेले. एकदा त्यांनी यंत्र बंद केलं.

"काका, हे 'ठीक आहे' मला चालत नाही. कुठे दुखतं आणि किती, त्यावर मी दाब ठरवते. मला तुमचं दुखणं लागतं."

"सवय नाही."

"दुखायची, की सांगायची?"

मी खरंच विचार केला. चौकीवरून उतरल्यापासून कोणीही काहीही विचारलं की मी ऑल ओकेच देत आलो होतो. बायकोला, मुलीला, साहेबांना.

त्यांनी यंत्र पुन्हा लावलं. करंगळीच्या मुळाशी आलं तेव्हा मी म्हणालो, "इथे."

"किती?"

"बरंच."

"शाब्बास," त्या म्हणाल्या आणि दाब थोडा कमी केला. घरी जाऊन हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दुखतंय म्हणून खुश होणारा आदमी मी पहिल्यांदा पाहिला."

त्यानंतर काम पुढे सरकलं. रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात, मग एकेक बोट ओढायचं. कधी व्रण तडकून रक्त यायचं, तेव्हा डॉक्टर रागवायच्या, घाई करू नका म्हणून. फट हळूहळू कमी झाली. राहुलचा दिवस जवळ आला तेव्हा चार बोटं तळव्याला टेकली होती. जोर नव्हता, पण टेकली होती.

त्या दिवशी महूला ऊन होतं. मी नेहमीच्या जागी, रांगेच्या शेवटी उभा राहिलो.

"परेड, सावधान."

मूठ बंद केली. उस्ताद काठी टेकत निघाले. एका मुलाची कॉलर नीट केली, कोणाला तरी पोट आत घ्यायला लावलं. मग माझ्यासमोर थांबले. हाताकडे पाहिलं. मी समोर बघत राहिलो. ते पुढे जातील असंच मला वाटलं.

"अंगूठा," उस्ताद म्हणाले.

"जी?"

"अंगूठा बाहर है, गधे. सिलाई पर."

मी प्रयत्न केला. अंगठा पँटच्या शिवणीवर येईना. त्यांनी काठी काखेत धरली, वाकले आणि दोन बोटांनी माझा अंगठा दाबून शिवणीवर सरळ केला. मनगटापर्यंत कातडी ताणली गेली.

"दुखतंय?"

"जी, उस्ताद. खूप."

"खड़ा रह."

ते आपल्या जागी गेले. मौन सुरू झालं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मी पुसू शकत नव्हतो, कारण सावधानमध्ये हात हलवत नाहीत.

'विश्राम' झाल्यावर लोक चहाकडे वळले. उस्ताद दगडापाशीच उभे होते. मी जवळ गेलो.

"राहुलचापण अंगठा असाच बाहेर यायचा," ते दगडाकडे बघत म्हणाले. "रोज बोलायचो. आखिर तक सुधरा नहीं."

"जी, उस्ताद. चौकीवरपण तसाच."

"तिथेपण?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणखी सांग. काय करायचा तिथे?"

मी सांगायला लागलो.