ओल्या रंगावरची बोटं

सलीमचाचांच्या दुकानातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या खुर्चीवर रंगाचे हात चढत जावेत तसे ते चढत जातात. मी शेजारचा टेलर. चाचांचा रंग फवारायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की मला माझं मशीन ऐकू येत नाही, मग मान वर करून बघत बसण्याशिवाय इलाज नसतो. बघता बघता पंचवीस वर्षं झाली.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात अंगणातली खुर्ची, झोपाळा, बाकडं, जे काही ऊनपावसानं गंजलं ते चाचांकडे येतं. चाचा ते पॉलिश पेपरनं घासतात, प्रायमर मारतात, मग गननं रंगाचे दोन हात फवारतात आणि दुकानासमोर वाळत ठेवतात. इथवर सगळं ठीक असतं. पुढं गाव येतं.

आमच्याकडे ओला रंग दिसला की त्याला बोट लावून बघायची रीत आहे. हिंगोलीच्या जीपची वाट बघणारा लावतो, दळण घेऊन चाललेली बाई लावते. चाचांनी एकदा पाटी लावली, 'रंग ओला आहे. हात लावू नये.' तर आधी जे सरळ निघून जायचे तेही थांबायला लागले. "खरंच ओला हाय का?" म्हणत बोट लावायचे आणि "व्हय, ओलाच हाय," असं चाचांना सांगून जायचे. आठवड्यानं चाचांनी पाटी काढली. पाटीवरही चार बोटं उठली होती.

*

एकदा शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आपली लोखंडी खुर्ची घेऊन आले. लोकांना शिस्त कशी नाही, यावर त्यांनी आम्हाला अर्धा तास सुनावलं. "मी स्वतः राखण करतो. बघू कोण हात लावतं ते," म्हणाले.

सकाळभर उन्हात उभे राहिले बिचारे. एकालाही जवळ येऊ दिलं नाही. बाराच्या सुमाराला पाय भरून आले, तसे मागं सरकून हुश्श करत बसले. कशावर बसले ते सांगायला नको.

चाचांनी हात देऊन त्यांना उठवलं, मागून धोतर नीट बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, रंग बराबर बसला. धोतराला बी बसला."

*

चाचांचा एकुलता एक पोरगा इम्रान पुण्यात नोकरीला. चाची गेल्यापासून त्याचा रोज फोन. अब्बांना खोकला, अब्बा एकटे, दुकान बंद करून इकडे या. शेवटी वैतागून चाचांनी त्याला जबान दिली, "ज्या दिवशी एक नग बोटाच्या डागाबिगर दुकानाबाहेर जाईल, त्या दिवशी शटर पाडून येतो."

मी विचारलं, "चाचा, पुण्यात काय हाय?"

"गॅलरीत एक खुर्ची हाय," चाचा म्हणाले. "ती बी नवी."

*

तांड्यावरच्या सोनाबाईला चार सुना. अंगणात बसायला चार लोखंडी खुर्च्या. कोणती कुणाची यावरून रोज भांडण. सोनाबाईनं डोकं लढवलं आणि चाचांकडून चार खुर्च्यांना चार रंग मारून नेले. दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत. चौघींनाही लालच पाहिजे होती.

"समद्या लाल करा," सोनाबाई म्हणाली.

चाचांनी चारही लाल केल्या. या वेळी मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. खुर्च्या आत वाळत ठेवल्या, दाराला साखळी घातली. न्यायच्या वेळी एकीवरही डाग नव्हता. मला चाचांची जबान आठवली.

सुना खुर्च्या न्यायला आल्या. चारही खुर्च्या लालभडक, एकसारख्या, रंग अजून जरा ओलसर. चौघींनी एकमेकींकडे बघितलं. मग पहिलीनं आपल्या खुर्चीच्या पाठीवर बोट दाबलं, दुसरीनं हातावर, तिसरीनं पायावर आणि धाकटीनं मधोमध. खूण झाली. भांडण मिटलं.

सोनाबाई खूश होऊन म्हणाली, "ही अक्कल आदी काहून न्हाई सुचली?" त्या दिवशी चाचांनी मला चहा पाजला.

*

गेल्या ईदला इम्रान आठ दिवसांची रजा काढून आला. तेव्हा चाचांकडे जीप स्टँडवरचं बाकडं रंगवायला आलं होतं. आकाशी रंग. इम्राननं ते मागच्या अंगणात ठेवलं, चारही बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या आणि स्वतः फाटकात ठाण मांडून बसला. चार वाजता स्टँडवरची माणसं बाकडं न्यायला येणार होती.

दोन वाजले तरी कुणाचं बोट लागलं नव्हतं. इम्राननं फोनवर अब्बांचं पुण्याचं तिकीट बघायला घेतलं.

मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ज्या आवाजाला पंचवीस वर्षं शिव्या घातल्या तो बंद होणार म्हणून मला काम सुचेना. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. मग मी उठलो. माझ्या दुकानाचं मागचं दार त्याच अंगणात उघडतं, हे इम्रानच्या लक्षात नव्हतं.

दबक्या पावलांनी गेलो, साडी वर केली, बोट पुढं केलं आणि थांबलो. बसायच्या जागेवर, अगदी मधोमध, एक बोट आधीच उठलेलं होतं. चांगलं दाबून, जरा फिरवून काढलेलं.

"टेलर अंकल, आप भी?" मागं इम्रान उभा होता. माझं बोट अजून हवेतच होतं.

तेवढ्यात घरातून चाचा आले. अंगात पांढरा कुर्ता, उजवा हात खिशात. डाव्या हातानं चष्मा सारखा करून त्यांनी बाकडं बघितलं, मग मला बघितलं.

"क्या करूं बेटा," ते म्हणाले. "यहां के लोग सुधरतेच नहीं."

इम्रान एकटाच पुण्याला गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा कुर्त्याची घडी घेऊन माझ्याकडे आले. मी उजवा खिसा उलटा केला. तळाशी आकाशी डाग होता. मी वर बघितलं, तर चाचा रस्त्यावरच्या जीपकडे बघत होते.

"खिसा बदलून द्या टेलर," ते म्हणाले. "अन् आता कापड जरा गडद लावा."