अंगणातली प्रेस

ज्या प्रेसमध्ये बाबांची बोटं गेली, तिला आम्ही दर दसऱ्याला हार घालायचो. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती पत्रा दाबून झाकणं काढायची, आणि सगळ्यात जुने कारागीर म्हणून मशीनपुढे नारळ फोडायचा मान बाबांचा. मला तेव्हाही ती आवडायची नाही. मेली सारखी धापा टाकायची.

एका उन्हाळ्यात तिनं बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. पट्टी सुटली तसा बाबांनी हातावर गमछा टाकला, तो जेवतानाही काढेनात. काम सुटलंच. भरपाई मागावी तर मालक स्वतःच गळ्यापर्यंत कर्जात. आज बँकवाले आले, उद्या कुलूप लागणार, अशा बातम्या रोज कानावर. मला एका जागी बसवेना. उगाच अंगणाच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची.

एक दिवस मालक चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, नकद तो है नहीं. प्रेस ले जाओ, घर में काम चालू कर लो. हिसाब बराबर." बाबा लगेच हो म्हणाले! ठेल्यावर लादून ती बया आमच्या अंगणात आली.

"अहो बाबा, जिनं बोटं खाल्ली, तीच भरपाई म्हणून घेता?"

"मशीनचा काय दोष? तू काहून तापून राहिली?"

तापू नको तर काय आरती ओवाळू? पण बाबांचं तेच चाललं होतं. रोज सकाळी तेल, फडकं, आणि डाव्या हातानं कुंकवाचं बोट.

थोड्याच दिवसांत बँकेचे लोक ट्रक घेऊन दारात उभे. प्रेस बँकेकडे तारण होती. ती कोणाला द्यायचा मालकाला हक्कच नव्हता. बाबा मशीनला पाठ लावून उभे राहिले. "मेरी है, मालिक ने दी है," म्हणत राहिले. त्या लोकांनी त्यांना धरून हळूच बाजूला केलं. प्रेस गेली, फरशीवर तेलाचा डाग राहिला.

मी तरातरा गल्लीतल्या वकिलांकडे गेले. कामगारांचे खटले चालवायचे ते. म्हणाले, "हिसाब बराबर म्हटल्यानं हक्क जात नाही, बेटा. कामावर हात गेला, तर भरपाई मिळायलाच हवी. मालकाचं दिवाळं निघालं तरी त्यानं कामगारांचा विमा काढलाय, मी कागद पाहिलेत, म्हणजे दावा विमा कंपनीवर लावता येतो. पण अर्ज वडिलांनी करायचा, आणि मुदतीच्या आत."

मी धावतच घरी आले. बाबांना सगळं सांगितलं.

"मी हो म्हटलं होतं. आता कोणत्या तोंडानं मागू?"

"तोंडाचं नाही हो, हाताचं मागायचंय!" मी ओरडले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मग रोज सकाळी माझा एकच प्रश्न, आज जायचं? आणि त्यांचं एकच उत्तर, पाहू. मुदत निघून गेली तर? रागानं मी भांडी आपटायची, स्वयंपाकघरात येरझारा घालायची. आई नुसती बघायची.

दसरा आला. आईनं ताट केलं, हळदकुंकू, झेंडू, नारळ. बाबा पायरीवर बसून त्या तेलाच्या डागाकडे पाहत होते.

"यंदा कायची पूजा करून राहिली तू?" त्यांनी आईला विचारलं.

आई त्यांच्यापुढे बसली आणि तिनं गमछा ओढला. बाबांनी हात मागे घेतला.

"अच्छा! मशीनची चालते अन् याची नाही?" आईनं तो हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. जिथं बोटं नव्हती तिथं हळद लावली, कुंकू लावलं. "इतकी वर्षं घर यानं चालवलं जी. त्या मशीननं नाही."

बाबा रडले, चांगले मोठ्यानं. मीही रडले. आई मात्र झेंडूचं फूल त्या हातावरून घसरू नये म्हणून धरून बसली होती.

दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी मी केस विंचरत होते, तर बाबा धुतलेला सदरा घालून दारात उभे.

"चलो, वकिलांकडे जायचं नं? काहून उशीर करून राहिली?"

मी चपला शोधायला वळले. गमछा खुंटीवरच होता.