बापू खाली बसत नाहीत

इस्लामपूरच्या आमच्या गॅरेजात गाडीचं जुनं ऑइल गळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बापूंचा एक किस्सा सांगून होतो. सांगणारा स्टुलावर बसतो, आम्ही हातातले पाने तसेच धरून ऐकतो, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला तोच किस्सा थोडा वाढून परत येतो. त्यातले बरेचसे माझ्यासमोर घडलेले आहेत, कारण मी बापूंच्या हॉकी टीमचा गोलकीपर आहे. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. नववीत शाळा सुटली, त्यातही तिचा हात होता. म्हणून लिहितो.

*

बापू फौजेतून रिटायर झाले तेव्हा पेन्शनबरोबर हॉकीचं वेड घेऊन आले. पोल्ट्री टाकली, टीम काढली, गावच्या नाटक मंडळाचा खर्चही अंगावर घेतला. मालकानं मांडवात खुर्चीवर बसायचं असतं. बापूंना ते जमत नाही. सगळी मॅच ते माझ्या गोलच्या मागं येरझाऱ्या घालतात आणि जाळीतून माझ्याशी बोलतात.

एकदा समोर पेनल्टी कॉर्नर लागलेला. मी हेल्मेटमधून बॉलवर डोळा ठेवून वाकलेलो. मागून आवाज आला, "का रं, नाटकातल्या राजाला मिशी ठेवावी का?"

मी म्हटलं, "ठेवा."

तेवढ्यात बॉल आला, पॅडवर आपटला आणि बाहेर गेला.

"ठेवली," बापू म्हणाले. बॉल अडला हे त्यांना टाळ्या वाजल्यावर कळलं.

*

आमचं मैदान म्हणजे खरं तर काकींचं रान. काकी म्हणजे बापूंच्या घरच्या. त्यांच्या वडिलांनी लग्नात त्यांना दिलेली काळीभोर जमीन. "एवढा एक हंगाम खेळू दे," म्हणून बापूंनी ती मागून घेतली, आणि तो हंगाम काही संपला नाही.

दिवाळीत काकींनी सगळ्या टीमला फराळाला बोलावलं. आमची तोंडं चकलीनं भरलेली बघून म्हणाल्या, "कराडच्या स्पर्धेतनं कप आणला तर मैदान. न्हाई आणला तर ऊस."

"मान्य," बापू म्हणाले.

तेव्हापासून बापू जेवायलाही बसेनात. एक घास घ्यायचे आणि खिडकीपर्यंत जाऊन यायचे. काकी आम्हाला म्हणाल्या, "तुमचे बापू ताटाला प्रदक्षिणा घालत्यात."

*

अशातच जतकडच्या एका शाळेनं बापूंना सत्काराला बोलावलं. शाळेची खोली त्यांनीच बांधून दिली होती. जाताना आमच्या नव्या स्टिक गाडीतच राहिल्या होत्या.

हेडमास्तरांनी भाषणात बापूंचं नाव घेतलं, वळून बघितलं, तर खुर्ची रिकामी. बापू शाळेमागच्या माळावर पोरांना पेनल्टी कॉर्नर शिकवत होते. हाका मारल्या तरी येईनात. शेवटी हेडमास्तरांनी शाल खुर्चीला पांघरली, नारळ खुर्चीवर ठेवला आणि फोटो काढून घेतला.

बापू परत आले तेव्हा गाडीत नारळ होता, स्टिक नव्हत्या.

सुन्या आमचा कॅप्टन. त्याची जीभ माझ्या वाट्याची पण चालते. तो म्हणाला, "बापू, आता कराडात नारळानं खेळायचं का?"

"त्यांच्याकडं एक बी न्हवती रं. तुमच्याकडं जुन्या हायत."

आम्ही जुन्या स्टिकना टेप गुंडाळायला लागलो. मैदान आपलं जाणार हे सगळ्यांच्या मनात आलं.

*

जत्रेतल्या नाटकाला शिपाई कमी पडले, म्हणून बापूंनी आमची टीम उभी केली. आमचा फुलबॅक संभा दरबाराच्या दारात भाला घेऊन. बापूंनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "तू काय करायचं न्हाई. नुसतं उभं ऱ्हायचं."

पण प्रधान घाईघाईची बातमी घेऊन उजवीकडून पळत आला. उजवीकडून कुणी पळत आलं की संभा काय करतो हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्यानं गुडघा टेकवला, भाला जमिनीलगत आडवा घातला, आणि प्रधान थेट राजाच्या पायाशी जाऊन पडला. राजानं दचकून हात वर केले, त्यात मिशी गेली.

लोक हसून लोळले. बापू विंगेत येरझाऱ्या घालत होते. तिथनं म्हणाले, "पडू दे रं, टायमिंग बराबर हाय. कराडात आसंच पायजे."

*

स्पर्धेच्या आदल्या दिवशी काकींनी उसाच्या लावणीचं बेणं आणून मैदानाच्या कडेला रचलं. वर ओली पोती टाकली. ते ढिगारे बघत आम्ही शेवटची प्रॅक्टिस केली. एक पास सरळ जाईना.

संध्याकाळी बापू बादली घेऊन पोत्यांवर पाणी मारत होते.

काकी म्हणाल्या, "हरायची तयारी चाललीय व्हय?"

"बेण्याचा काय दोष? वाळलं की उगवत न्हाई," बापू म्हणाले, आणि दुसरी बादली आणायला गेले.

*

आम्ही फायनलला पोचलो. कसे ते आम्हालाही सांगता यायचं नाही.

त्या दिवशी पंचांनी पहिल्याच मिनिटाला बापूंना माझ्या मागून हाकललं. बापू मुकाट्यानं गेटबाहेर गेले. माझ्या पाठीमागं एकदम सुनं झालं. मला बॉल दिसत होता, पण हात कुठं ठेवायचा हे सुचत नव्हतं. मिशीचं नाही तर निदान कोंबड्यांचं तरी कुणीतरी विचारायला पाहिजे होतं.

बरोबरी झाली. पेनल्टी स्ट्रोक लागले. मी गोलात उभा राहिलो आणि मागं चपलांचा आवाज आला. इकडून तिकडं, तिकडून इकडं. वळून बघितलं तर काकी. हॉकीची मॅच बघायला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"आवं काकी, हितं हुबं ऱ्हाऊ देत न्हाईत," मी म्हटलं. एवढं मोठं वाक्य मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो.

"मी कुटं हुबी हाय? मी फिरतिया," काकी म्हणाल्या. "तू फुडं बग."

दोन स्ट्रोक मी अडवले. शेवटचा अडला नाही. बॉल माझ्या बोटांना लागून आत गेला.

येताना गाडीत कप नव्हता. बसायला जागा होती, तरी बापू दांडी धरून गावापर्यंत उभेच होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर ट्रॅक्टर आला. आम्ही सगळे जमलो होतो. बापूंनी माझ्याकडून पाना मागून घेतला आणि स्वतःच गोलपोस्टचे नट ढिले करायला लागले. माझ्या धंद्याचं काम, पण माझे हात उठेनात.

काकी बांधावरून आल्या. त्यांनी बापूंच्या हातातला पाना घेतला आणि माझ्याकडं दिला.

"आवळ," म्हणाल्या.

मग ट्रॅक्टरवाल्याकडं वळल्या. "कडंकडंनं नांगर. मदी जायाचं न्हाई. आन ह्या खांबांच्या मागं चार हात जागा सोड. फिराय लागती."

"कुनाला वो, काकी?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

काकींनी एकदा बापूंकडं बघितलं.

"आमाला," म्हणाल्या, आणि बेण्यावरचं पोतं उचलायला गेल्या.